व्हर्ननचा विमा

शनिवारी संध्याकाळी समोरच्या घरातून व्हर्नन आणि आर्डिस नटूनथटून बाहेर पडले की आमच्या गल्लीला कळायचं, नेब्रास्का हरलं.

व्हर्नन पुढे, इस्त्रीचा शर्ट घालून, मयताला निघाल्यासारखा चेहरा करून. मागे आर्डिस, कानात मोती, ओठ रंगवलेले आणि त्या ओठांवर दाबून धरलेलं हसू. शेजारचा लूथर अंगणातून हाक मारायचा, "काय रे व्हर्नन, किती गुणांनी झोपले?"

"गप रे. भूक मेली माझी."

आणि मग भूक मेलेला हा माणूस जाडजूड मांसाचा तुकडा, लोणी घातलेला बटाटा आणि वर चीजकेक खाऊन घरी यायचा.

व्हर्नन विशीत असताना नेब्रास्कातलं मक्याचं गाव सोडून इथे लास वेगासला आला. कॅसिनोत पत्ते वाटायच्या कामाला लागला आणि निवृत्त होईपर्यंत पत्तेच वाटत राहिला. माणूस इथला झाला, मन मात्र तिकडच्या कॉलेजच्या फुटबॉल संघात अडकलेलं. लाल टोपी, लाल जाकीट, गाडीवर लाल झेंडा. आणि असा हा भक्त दर शनिवारी सकाळी न चुकता आपल्याच संघाविरुद्ध पैज लावायचा.

"हा विमा आहे," तो समजावून सांगायचा. "जिंकले तर मी खूश. हरले तर निदान जेवण सुटतं. घर जळावं म्हणून कुणी विमा काढतं का?"

मी स्वतः गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत पैजेच्या खिडकीमागे बसून पावत्या फाडल्या आहेत. असे विमेवाले मी पुष्कळ पाहिले. पण बाकीचे कधीमधी डगमगतात, भावनेच्या भरात आपल्या संघावर लावून बसतात. व्हर्नन कधीच नाही. त्याने ही रीत घरातही आणली होती. त्यांच्या मुलीला, जोलीनला, दिवस गेले तेव्हा त्याला नात हवी होती, म्हणून त्याने लूथरशी पैज मारली की मुलगाच होणार. ब्रिन जन्मली आणि व्हर्ननने हरल्याची बिअर अख्ख्या गल्लीला पाजली. आर्डिस म्हणायची, "माझं ऑपरेशन झालं तेव्हा याने कुणाशी काय लावलं होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारणारही नाही."

त्याची दुसरी सवय पत्त्यांच्या टेबलाची. टेबल सोडताना पत्ते वाटणाऱ्याने टाळी वाजवायची आणि दोन्ही हात उलटसुलट करून तळवे दाखवायचे, म्हणजे वरच्या कॅमेऱ्यांना दिसतं की हाताला काही चिकटलेलं नाही. काम सुटलं, ही सवय सुटली नाही. जेवून उठला की टाळी आणि तळवे. चर्चमध्ये दानाची थाळी पुढे सरकवली की टाळी आणि तळवे. पाद्रीसुद्धा आता हसायचा थांबला होता.

ब्रिन बास्केटबॉल खेळायला लागली ती शाळेत. मग आयडाहोतल्या एका लहान कॉलेजने तिला शिष्यवृत्ती देऊन नेलं. फी, खोली, जेवण, सगळं त्यात. जोलीन एकटी, दवाखान्यात परिचारिका. तो खेळ नसता तर पोरीचं कॉलेज होणं कठीण होतं. या लहान कॉलेजांच्या मुलींचे सामने आमच्या इथल्या पैजेच्या फळ्यावर फारसे लागत नाहीत. म्हणून दोन वर्षं व्हर्नन ते टीव्हीवर पाहायचा ते उभ्याने, रिमोट चिरडत. पण मार्चात त्यांच्या गटाची स्पर्धा इथे वेगासमध्येच असते, आणि स्पर्धा आली की झाडून सगळे सामने फळ्यावर चढतात. या वर्षी ब्रिनचा संघ पहिल्यांदाच त्यात पोचला होता. सामना शुक्रवारी दुपारी. आर्डिसला तीन तिकिटं आली, एक माझ्यासाठी. जोलीनला ड्युटी होती.

गुरुवारी सकाळी मी कुंड्यांना पाणी घालत होते, तर आर्डिस धावत रस्ता ओलांडून आली. पायात घरातल्या सपाता, कोपरापर्यंत पीठ.

"ग्वेन, गाडी काढ."

"काय झालं? व्हर्नन बरा आहे ना?"

"बरा आहे. तीच तर भानगड आहे. गाडी काढ आधी."

आर्डिसला मोठ्या रस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून अशा वेळी मीच तिचा ड्रायव्हर. सगळं तिने गाडीतच सांगितलं. ती ब्रिनसाठी रन्झा करायला बसली होती. रन्झा म्हणजे तिकडचे कोबी आणि खिमा भरलेले पाव, पोरीला जीव की प्राण. हात कणकेत आणि फोन वाजला. ब्रिनचा. हात पिठाचे म्हणून आर्डिसने कोपराने बटण दाबून फोन मोठ्या आवाजावर टाकला. काल सरावात ब्रिनचा घोटा मुरगळला होता. टम्म सुजला होता. प्रशिक्षकांनी अजून बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या खेळवतील की नाही, ठरलं नव्हतं.

"रडत होती गं. मी म्हटलं, मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव. तर म्हणते, आजी, ते सोड, आजोबांना एवढ्यात सांगू नकोस. त्यांना बैठक घेऊन बजावलंय म्हणे. संघातली आतली बातमी खेळाडूकडून पैज लावणाऱ्याकडे गेली, तर खेळाडू संघाबाहेर. शिष्यवृत्तीसुद्धा बंद. घरच्यांकडे गेली तरी तेच. मी म्हटलं, बाळा, आजोबांना कशाला सांगू? आणि मागे वळले तर हा दारात. हातात कॉफी."

"ऐकलं त्याने?"

"शब्दन् शब्द. कप ठेवला, टोपी घातली, नाश्त्याला जातो म्हणाला. फोन चार्जरला तसाच. ग्वेन, जन्मभर त्याने ज्याच्यावर जीव टाकला त्याच्याविरुद्धच पैसे लावलेत. उद्या तिचा सामना आहे. आणि हा नाश्त्याला गेलाय."

नाश्त्याला म्हणजे कुठे, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. आमच्या भागातल्या कॅसिनोत, जिथे मी काम करायचे. पैज लावताना तिथलं कार्ड खिडकीवर दिलं की कार्डावर गुण जमतात आणि त्या गुणांवर अंडी आणि बटाटे फुकट. व्हर्नन कार्ड दिल्याशिवाय कधीच पैज लावत नसे. फुकटच्या अंड्यांची चव वेगळी, म्हणायचा.

"पावती फाडून टाकली तर?" आर्डिसने विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. "कार्डावर लावली असेल तर नोंद राहते," मी म्हटलं. "त्याच्या नावावर. आणि लावलेली पैज परत घेत नाहीत."

"म्हणजे कुणी बघितलंच तर दिसणार काय? आजोबा. नातीचा घोटा सुजला. त्याच सकाळी आजोबांनी नातीच्या संघाविरुद्ध पैसे लावले."

"कुणी कशाला बघेल?"

"तुमच्या खिडकीवर कुणी बघत नाही?"

बघतात. वेडीवाकडी पैज दिसली तर बघण्यासाठीच माणसं ठेवलेली असतात. व्हर्ननची पैज म्हणजे एका जेवणाची, ती कुणाच्या डोळ्यांत येणार नाही, हे मी तिला सांगितलं. पण शपथेवर सांगता येत नव्हतं. ती बोटांवरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत बसली. माझ्या गाडीत तो चुरा अजून कुठेतरी असेल.

हॉलमध्ये सकाळची गर्दी होती. भिंतभर पडदे आणि खुर्च्यांत नेहमीची म्हातारी मंडळी. लूथर त्याच्या जागेवर घोड्यांच्या शर्यती बघत बसला होता.

"लूथर, व्हर्नन दिसला?" मी विचारलं.

"दिसला की. रांगेत होता. वेड लागलंय त्याला." लूथरची नजर पडद्यावरून हलली नाही. "त्याचा नंबर आला की मागच्याला म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे. पुन्हा नंबर आला, पुन्हा तेच. मी म्हटलं, अरे, बँक लुटायला आलायस का? तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"मग? लावली का पैज?"

"तिसऱ्या शर्यतीला माझा घोडा सुटला ना. वळून बघतो तर व्हर्नन नाही. आणि घोडाही नाही, तो अजून येतोच आहे." मग त्याने आर्डिसकडे नीट पाहिलं. "वहिनी, सपातांवर आलात?"

आर्डिस खिडकीकडे गेली होती. तिथे कॉन्सुएलो होती. मीच तिला हे काम शिकवलेलं.

"माझ्या नवऱ्याने आज सकाळी पैज लावली का?"

"मॅडम, गिऱ्हाइकाची पैज आम्ही दुसऱ्या कुणाला सांगत नाही."

"दुसरी कुणी नाही मी. मी त्याची बायको आहे."

"बायकोला तर मुळीच सांगत नाही, मॅडम."

आर्डिसने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. हे उत्तर मीच कॉन्सुएलोला पाठ करून घेतलं होतं. ती बिचारी माझ्याकडे बघायचंही टाळत होती. मागचा माणूस म्हणाला, "ताई, भांडण घरी करा, माझा सामना सुरू होतोय."

नाश्त्याच्या हॉटेलात व्हर्ननची नेहमीची जागा रिकामी होती. वाढणारी बाई म्हणाली, आज आलाच नाही.

हे मला सगळ्यात वाईट वाटलं. पैज लावून नाश्ता न करता जाणारा व्हर्नन मी पाहिलेला नव्हता. आर्डिसलाही तेच वाटलं असावं. परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "तिला काय सांगू मी? फोन मी मोठ्यावर टाकला. हात धुवायला किती वेळ लागला असता?"

त्यांच्या दारात व्हर्ननचा ट्रक उभा होता.

आत गेलो तर स्वयंपाकघरात व्हर्नन. लाल टोपी घातलेली, अंगात आर्डिसचा फुलाफुलांचा एप्रन. ओव्हन आर्डिसने तापत ठेवला होता, तो तसाच चालू. ओट्यावर तिने लाटून ठेवलेल्या कणकेत हा खिमा भरत बसला होता. काहींचं पोट फुटलेलं, काहींची मुरड उसवलेली, एक तर फुटबॉलएवढा. बाजूला औषधाच्या दुकानातली पिशवी, त्यात मिठाचा मोठा डबा आणि घोट्याला बांधायची पट्टी.

"ओव्हन चालू टाकून कुठे भटकताय दोघी?" तो म्हणाला. "घर जळलं असतं."

आर्डिस दारातच थांबली. "व्हर्नन. तू लावलीस?"

त्याने हातातला पाव खाली ठेवला. मग टाळी वाजवली. पिठाचा ढग उडाला. दोन्ही तळवे त्याने आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर केले आणि तसेच धरून ठेवले, आर्डिसने नीट बघावेत म्हणून.

आर्डिस खुर्चीत बसली ती बसलीच. मी नळ सोडला आणि तिला पाणी दिलं. मग मीही एक ग्लास घटाघटा प्यायले. उगीच, माझी कोण लागते ती पोर. पण ब्रिन इवलीशी होती तेव्हा माझ्याच अंगणात भिंतीवर चेंडू आपटून आपटून तिने माझा रंग घालवलाय.

"गेला होतास ना पण?" आर्डिस म्हणाली.

"गेलो होतो. सवय. पाय आपोआप जातात." तो पुन्हा पाव वळायला लागला. "कॉन्सुएलोने विचारलं, बोला आजोबा, कुठला सामना? आणि माझ्या मनात आलं, आता मी हिला ब्रिनच्या कॉलेजचं नाव सांगणार. मग ती पावती खिशात. मग उद्या मी तिथे बसून ब्रिनकडे बघणार. खिशात हात घालून." त्याने एक उसवलेली मुरड दाबून बसवली. "नेब्रास्काच्या पोरांना मी ओळखत नाही गं. ते हरले तर हरले."

"आणि तिचं कॉलेज? ते डोक्यात आलं नाही?"

"ते औषधाच्या दुकानात आलं," तो खरं बोलला. "मग मात्र मला तिथेच बसावं लागलं. रक्तदाब तपासतात ना, त्या खुर्चीत. एक बाई म्हणाली, आजोबा, मशीन चालू करू का?"

आर्डिस हसायला लागली. हसता हसता तिने एप्रनचं टोक ओढून डोळे पुसले. एप्रन त्याच्या अंगात होता, त्यामुळे तोही ओढला गेला.

शुक्रवारी आम्ही सामन्याला गेलो. घोट्याची बातमी तोवर सगळ्यांना कळली होती, प्रशिक्षकांनीच सकाळी जाहीर केली. ब्रिन बाकावर बसली होती, घोट्याला पांढरी पट्टी. मी पुष्कळ सामने पाहिले, पण विम्याशिवायचा व्हर्नन पहिल्यांदा पाहिला. त्याला हातांचं काय करावं कळेना. टोपी काढली, घातली. माझ्या पिशवीतून शेंगदाणे घेतले, न खाता सोलत बसला. समोरच्या संघाने बास्केट केली की तो "आई गं" म्हणायचा, अगदी बारीक आवाजात, जसं कुणी त्याला टाचणी टोचतंय.

"हे असं असतं?" त्याने आर्डिसला विचारलं.

"काय?"

"नुसतं बघणं."

"मी जन्मभर असंच बघतेय," आर्डिस म्हणाली. "तुला."

शेवटच्या भागात ब्रिनला आत घेतलं. लंगडत नव्हती, पण उडी मारून खाली येताना एकाच पायावर यायची. तिचा संघ मागे पडला होता आणि आता काही भरून निघण्यातलं नव्हतं. पण आमच्या मागे दोन तरुण बसले होते, त्यांचा सामना अजून संपला नव्हता. दुबळ्या संघावर पैज लावताना त्याला आधीच काही गुण जोडून देतात. इथे अकरा मिळाले होते. म्हणजे ब्रिनचा संघ अकरापेक्षा कमी गुणांनी हरला, तर हे दोघे जिंकणार. आणि संघ होता तेराने मागे. शेवटचे काही सेकंद, चेंडू ब्रिनच्या हातात, आणि लांबून टाकलेल्या बास्केटचे गुण तीन.

"टाक! अगं टाक ना, बाहेरून टाक!"

"बघते काय बावळटासारखी! लंगडी घोडी! कुणी आणली हिला?"

व्हर्नन वळला. आर्डिसने त्याची बाही धरली. मी पण धरली. टीव्हीसमोर उभा राहून त्याने परक्यांच्या पोरांना जे जे म्हटलेलं मी ऐकलं होतं, त्यापुढे हे काहीच नव्हतं. ते त्यालाही आठवलं असणार. कारण कान त्याच्या टोपीसारखे लाल झाले.

"घोटा दुखावलाय तिचा," तो त्या दोघांना म्हणाला, एवढंच. मग हातातले सोललेले शेंगदाणे त्यांच्यापुढे धरले. "घ्या. अजून काही मिळणार नाहीये तुम्हाला."

ब्रिनने चेंडू टाकला नाही. शांतपणे धरून उभी राहिली आणि भोंगा वाजला.

नंतर ती बाहेर आली, खांद्याला बॅग, घोट्याला बर्फ बांधलेला. डोळे सुजलेले. आधी आर्डिसकडे पाहिलं, मग व्हर्ननकडे. हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "मग, आजोबा? हरलो आम्ही. मांस खायला कुठे जायचं?"

आवाज चिरका झाला होता. आजीने फोन मोठ्या आवाजावर टाकला होता, हे तिला ऐकूनच कळलं होतं. मागे कप ठेवल्याचा आवाजही तिने ऐकला होता. कालपासून कुणाला विचारायची तिची छाती झाली नव्हती.

व्हर्ननने टाळी वाजवली आणि तळवे दाखवले. वर, खाली.

पोरीने ते दोन्ही तळवे धरले आणि स्वतःच उलटे करून पुन्हा पाहिले. मग बॅग जमिनीवर सोडून दिली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडली. "घोट्यामुळे नाही झोपले मी," ती म्हणत होती, "घोट्यामुळे नाही." व्हर्ननला काय करावं सुचेना, म्हणून तो तिच्या पाठीवर टोपीने वारा घालत होता.

"मांस नाही," आर्डिस म्हणाली. "आज आपल्याकडे कसलंच जेवण सुटलेलं नाही. घरी रन्झा आहेत. आजोबांनी वळलेत, तेव्हा चमच्याने खावे लागतील."

"तो मोठा माझा," मी म्हटलं.

"तो मोठा ब्रिनचा," व्हर्नन म्हणाला.

सप्टेंबर उजाडला तसा फुटबॉलचा हंगाम आला, आणि पहिल्याच शनिवारी संध्याकाळी समोरचं दार उघडलं. व्हर्नन पुढे, मयताला निघालेला. आर्डिस मागे, कानात मोती. लूथर ओरडला, "किती गुणांनी?" म्हणजे नेब्रास्काचा विमा अजून चालू आहे.

ब्रिनचं हे शेवटचं वर्ष. तिचा सामना असला की आर्डिस सकाळीच कणीक मळून परात टीव्हीसमोर ठेवते आणि व्हर्ननला बसवते. हातांना काहीतरी हवं ना. संपेपर्यंत तो भरत राहतो आणि मग गल्लीत दारोदार रन्झा वाटले जातात. सामना कसा झाला ते मी विचारत नाही, मुरडीवरून कळतं, उकलली की हरल्या. माझ्या वाट्याचे कालचे दोन्ही उकलले होते, पण त्याचा आवाज चढलेला होता. म्हणाला, "एका गुणाने, ग्वेन! एका गुणाने जिंकल्या! माझे हात बघ, अजून थरथरतायत," आणि टाळी न वाजवताच ते माझ्यापुढे धरले.